टाळीमास्तरांचा कान

सर कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवत. एकच, पण खणखणीत. मग मान जराशी कलती करून त्या टाळीचं पुढे काय होतं ते ऐकत. वर्ग असो, बँक असो, दाताच्या डॉक्टरांकडची बसायची जागा असो. खोलीने टाळी परत कशी दिली यावरून त्यांचं त्या खोलीबद्दलचं मत ठरे, आणि ते मत ते कुणी न विचारता सांगत. "जागा बरी आहे हो, पण छप्पर फार बोलतंय," असं त्यांनी आमच्या प्राचार्यांना नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला, पाहुण्यांच्या देखत ऐकवलं होतं. रत्नागिरीत त्यांना तोंडावर सर म्हणत आणि माघारी टाळीमास्तर.

एकदा एका सहकाऱ्याचे वडील वारले म्हणून आम्ही भेटायला गेलो. ओटीवर माणसं गप्प बसलेली. सर चपला काढून आत आले आणि सवयीने टाळी वाजवून मोकळे झाले. कोपऱ्यात रडणारी एक म्हातारी रडायची थांबली. सर गोरेमोरे झाले, पण तेवढ्यावर गप्प बसतील तर ते सर कसले. त्या सहकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या वडलांचा आवाज या घरात छान बसत असणार. वर माळा आहे, कौलं आहेत, अजिबात घुमत नाही." आता हा सरांना हाकलणार असं मला वाटलं. तर तो तिथेच ढसाढसा रडायला लागला. "बसायचा हो सर," म्हणाला, "हाक मारली की थेट विहिरीपर्यंत जायची."

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. कॉलेजच्या स्मरणिकेसाठी त्यांच्यावर लिहा, असं मला दोनदा सांगण्यात आलं. दोन्ही वेळा मी कामाचं निमित्त पुढे केलं. टाळीची गोष्ट सांगून, चाळणीची गोष्ट सांगून थांबता आलं असतं. पण एकदा लिहायला बसलो की तिथे थांबता येणार नाही, हे मला ठाऊक होतं.

मी त्यांच्या हाताखाली फिजिक्सच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मी गुहागर तालुक्यातल्या आतल्या गावचा, आमच्या बौद्धवाडीतला पहिला बी. एस्सी. पहिल्याच आठवड्यात सर मला घरी घेऊन गेले आणि दारातूनच म्हणाले, "पाणी हवं असेल तर माठ तिथे आहे, घे." स्वतः आत निघून गेले. मी माठाशी जरा वेळ उभा राहिलो. मग वाकून तांब्या बुडवला. त्या 'घे'मध्ये काय होतं ते आमच्या वाडीतल्या माणसालाच कळेल. सरांना त्याचं विशेष काही वाटलं नव्हतं. त्यांना मला जुन्या रेडिओचा एक व्हॉल्व्ह दाखवायची घाई होती.

चाळणीची गोष्ट अशी. पहिल्या वर्षाच्या मुलांना आवाज शिकवायचा होता. सर घरातून तीन चाळण्या घेऊन आले, तांदळाची, रव्याची आणि पिठाची. टेबलावर तांदूळ, रवा आणि पीठ एकत्र कालवलं आणि एकेका चाळणीतून गाळायला लागले. "आवाज ही एक वस्तू नसते रे. मिश्रण असतं. जाड, मध्यम, बारीक. ढोलकीची थाप जाड. झांज बारीक. योग्य चाळण मिळाली तर कालवलेल्या आवाजातूनही हवं ते वेगळं काढता येतं." एव्हाना पहिल्या बाकापर्यंत पीठ उडालं होतं. तेवढ्यात वर्गाच्या दारात सरांच्या पत्नी, आमच्या काकू, उभ्या.

"अहो, माझी पिठाची चाळण?"

"थांब, अजून मधला पट्टा राहिलाय."

"पट्टा राहू दे. घरी पाव्हणे आलेत."

मुलं हसली. सरांनी पिठाची चाळण टेबलावर आपटून झटकली, काकूंना दिली आणि उरलेला तास दोन चाळण्यांवर नेला.

मग ते पुढे जे बोलले त्याला कुणी हसलंही नाही, कारण कुणाला कळलंच नाही. म्हणाले, पुढे हे चाळायचं काम आकडे करणार. आवाज मोजायचा, आकड्यांत लिहायचा, हवे ते आकडे ठेवायचे, नको ते टाकायचे आणि उरलेल्यांचा परत आवाज करायचा. तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता. हे सगळं त्यांनी मुंबईच्या रद्दीतून आणलेल्या परदेशी मासिकांतून काढलेलं. तरुणपणी त्यांना मुंबईत एका रेकॉर्डिंग स्टुडिओत काम मिळालं होतं. वडलांना अर्धांगवायू झाला म्हणून परत आले, ते इथेच मास्तर झाले. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. पण ती मासिकं वाचताना त्यांचा चेहरा, परगावी दिलेल्या मुलीचं पत्र वाचणाऱ्या बापासारखा होई. मी पुढे आयुष्यभर जे काम केलं, त्याचं नाव मी पहिल्यांदा त्या मासिकांत वाचलं.

सरांनी स्वतः एक अ‍ॅम्प्लिफायर बांधला होता. शाळेचं गॅदरिंग, देवळाचा उत्सव, कुणाचं व्याख्यान, कुठेही बोलावलं की जात. अट एकच, कर्णे कुठे बांधायचे ते मी ठरवणार. मी सोबत असे. सर बटणं लावत, शेवटच्या रांगेपर्यंत चालत जात, डोळे मिटून ऐकत, परत येऊन ट्रेबल, म्हणजे आवाजातला बारीक भाग, जरासा वाढवत आणि पहिल्या रांगेत जाऊन बसत. अ‍ॅम्प्लिफायरपाशी मी.

सुरुवातीच्या काळात लोक त्यांच्या आवाजाची तारीफ करत. मग हळूहळू कुरबूर सुरू झाली. "मास्तरांचा माईक कानात सुई घालतो," असं एक दुकानदार मला म्हणाला. एका गावात उत्सवाच्या संध्याकाळी गावचे मानकरी, म्हातारे गावकर, माईकवर देवाला गाऱ्हाणं घालत होते. दर वाक्याला गाव म्हणायचं, "व्हय म्हाराजा." आवाज इतका टोचत होता की पुढे बसलेल्या बायकांनी पदर कानावर ओढले. सर मात्र पहिल्या रांगेत समाधानाने मान डोलवत होते. मी ट्रेबलच्या बटणावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू, कुणाला कळणार नाही असं, मागे आणलं. गावकरांचा आवाज परत माणसाचा झाला. पदर खाली आले. सरांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांना फरक कळलाच नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर गावकर स्वतः येऊन सरांना म्हणाले, "मास्तर, आज बरा वाटला." सर परतीच्या वाटेवर फार खुशीत होते.

असं का व्हावं, ते मला पुढे पावसाळा सरल्यावर कळलं. दिवेलागणीच्या सुमाराला आम्ही सरांच्या पडवीत बसलो होतो. शेजारी हापूसची बाग आहे, मध्ये फक्त चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत. रातकिड्यांनी बाग नुसती पेटवली होती. बोलताना आवाज चढवावा लागत होता. सर बागेकडे बघत म्हणाले, "यंदा रातकिडे नाहीत बघ. फवारण्या करून मारले सगळे."

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते उठले, गडग्यापाशी गेले आणि पलीकडच्या बागवाल्याला हाक मारून त्यांनी चांगलं फैलावर घेतलं. औषधं मारून तू किडे संपवलेस, उद्या पाखरं संपवशील.

बागवाला चक्रावला. "काय बोलताव मास्तर? त्यांच्या किरकिरीन रातीचा डोळ्याला डोळा नाय लागत."

"तुझ्या डोक्यात किरकिर आहे. बागेत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमी तरी सांगा वो."

सरही माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "यंदा जरा कमीच आहेत."

बागवाला निघून गेला. सर परत खुर्चीत बसले. त्यांच्या कानातून आवाजाचा वरचा, बारीक भाग गळून गेला होता. माणसाचं बोलणं येत होतं, ढोलकी येत होती, एसटी चढावर गिअर बदलते ते येत होतं. त्याच्या वरचं काही नाही, म्हणून तर ट्रेबल वाढत चालला होता. आणि ज्या गोष्टी ऐकूच येत नाहीत त्या गेल्यात, हे माणसाला कळणार कसं?

त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात सर पहिल्या रांगेत बसले की मी बटण मागे आणायचो. लोक परत वाखाणायला लागले. दूरच्या गावांतून बोलावणी यायला लागली. हे मी त्यांच्यासाठी करतो, असं मी स्वतःला सांगत असे, आणि त्या काळापुरतं ते खरंही होतं. इतक्या मोठ्या माणसाला, आपल्याला माठातलं पाणी घे म्हणणाऱ्या माणसाला, तुमचा कान गेला असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्या वर्षी गॅदरिंगला प्रमुख पाहुणे म्हणून एक माजी विद्यार्थी आले. मुंबईतल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. कंपनी टेलिफोनची आणि ध्वनिक्षेपणाची यंत्रं बनवायची आणि आवाजावर आकड्यांनी काम करणारा नवा विभाग काढत होती. उघडं मैदान, साधे कर्णे, तरी मागे फेरी मारली तेव्हा शेवटच्या रांगेतही त्यांना शब्द न् शब्द स्वच्छ लागला. ते चौकशी करत सरांकडे आले. सर त्यांच्याशी दोन कप चहा होईपर्यंत चाळण्यांबद्दल बोलले. पाहुणे म्हणाले, "सर, मुंबईला या. कागदपत्रांचं मी बघतो. आम्हाला कान असलेला माणूस पाहिजे. एक ऐकण्याची चाचणी असते, ती तुम्हाला काय कठीण?"

सर म्हणाले, "येतो. पण हाही येईल. याचीही चाचणी घ्या."

मला बाजूला घेऊन नंतर म्हणाले, "जागा एकच आहे रे. मला मिळाली तर वर्षभरात तुला माझ्या हाताखाली ओढून घेतो. घाबरू नकोस."

पन्नाशी उलटलेला माणूस. त्याच्या वाट्याला ही गोष्ट दुसऱ्यांदा आली होती आणि तिसऱ्यांदा येणार नव्हती. आठवडाभरात सगळ्या गावाला कळलं. आमच्या स्टाफने तर निरोपसमारंभही उरकून घेतला. चाचणी मे महिन्यात, आणि मे महिन्यात सगळे आंब्याच्या गडबडीत. पेट्या भरायच्या की भाषणं करायची? म्हणून एप्रिलमध्येच शाल आणि नारळ देऊन झालं. माईक मीच लावला होता.

आता जे लिहितो ते मी काकूंनाही सांगितलेलं नाही. माझ्याकडे सांगायला भरपूर वेळ होता. एका संध्याकाळी सांगायचंच म्हणून गेलोही. सर आरशासमोर कुणाचा तरी टाय लावून बघत होते. काकू म्हणाल्या, "बघ रे, नवरदेव बघ." मी म्हणालो, "छान दिसतोय टाय, सर." आणि पोहे खाऊन परत आलो.

त्यांचं मन मोडवलं नाही, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. ते अर्धं आहे. उरलेलं असं, की मी सांगितलं असतं तर सर मुंबईला गेले नसते. आणि सर गेले नसते तर मला तिथे कुणी बोलावलं नसतं. त्या कंपनीच्या दारापर्यंत जायला मला सरांचा हात हवा होता. हे मला तेव्हा कळत होतं. पोहे खाताना कळत होतं.

मुंबईत त्या कंपनीत भिंतींना स्पंज लावलेली एक खोली होती. सरांनी आत शिरताच टाळी वाजवली. ती तिथल्या तिथे विझली. सर हसले. "काय खोली आहे रे. स्वतःचं काहीच बोलत नाही."

एका तरुण इंजिनिअरने त्यांना खुर्चीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. "सर, आवाज आला की हात वर. थांबला की खाली." तो मधल्या काचेच्या पलीकडे जाऊन बसला. मी दाराशी उभा. पहिल्यांदा सरांचा हात झकास वर-खाली होत होता. मग तो गुडघ्यावर येऊन थांबला. बराच वेळ तसाच राहिला.

"करा ना सुरू," सर म्हणाले.

"सुरू आहे सर."

"काय सुरू आहे?"

सरांनी हेडफोन काढले, उलटसुलट करून पाहिले, वायर पकडत पिनेपर्यंत गेले, पिन उपसली आणि खिशातल्या रुमालाने पुसली. "दमट हवेत पिनेवर थर बसतो. तुमच्या मुंबईला काय, आमच्यासारखीच खारी हवा." पिन परत लावली, बसले, ऐकलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"अरे, तू लाव बघू."

मी हेडफोन लावले. बारीक, लांबलचक शिट्टी होती. स्वच्छ.

"येतोय?"

मी मान हलवली.

"बरं," सर म्हणाले. शर्टाच्या खिशातलं पेन काढून त्यांनी बघितलं आणि परत खिशात ठेवलं. मग उठून मला खुर्ची दिली. ती चाचणी मी नीट दिली. हात जिथे वर जायचा तिथे वर गेला, जिथे खाली यायचा तिथे खाली आला. तेही लिहून ठेवतो.

दुपार टळल्यावर आम्ही एसटी स्टँडवर बाकावर बसलो. सरांनी केळी घेतली, मला दोन दिली. टाय काढून पिशवीत घातला. समोर गाड्या लागत होत्या, कंडक्टर गावांची नावं पुकारत होते. सर त्यांच्याकडे बघत म्हणाले, "तुला काही जाणवलं होतं का रे? आधी?"

"नाही सर. आजच कळलं."

त्यांना तो बागवाला आठवला असेल का, मला माहीत नाही. ते बराच वेळ केळ्याची साल घडी घातल्यासारखी दुमडत राहिले.

"मग ठीक," म्हणाले. "तुला माहीत असतं तर मला इतक्या वर्षांचे सगळे कार्यक्रम परत आठवावे लागले असते. लोक खरंच खूश होते की कसं, ते."

मी दुसरं केळं सोलायला घेतलं.

"जागा तुला देतील ते. घे. सरांची जागा घेतली असलं काही डोक्यात आणू नकोस. ती माझी झालीच नव्हती."

जागा मला दिली. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा मी मुंबईला होतो, म्हणून पुढचं ऐकीव आहे. पहिल्या दिवशी सर स्टाफरूममध्ये आले. कुणी पेपरात, कुणी हजेरीपटात डोकं घातलं. सरांनी पिशवीतून ती शाल काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "खरा निवृत्त होईन तेव्हा हीच द्या. धुतलेली आहे. नारळ मात्र खाल्ला." सगळे हसले आणि त्या हसण्याने सुटले. त्या वर्षी आवाज शिकवताना त्यांनी फळ्यावर एक रेघ काढली. ती थोडी सरळ गेली आणि मग कड्यावरून पडावी तशी खाली पडली. "हा माझा कान," त्यांनी मुलांना सांगितलं. "इथून पुढे दरी." अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी एका देवळाला देऊन टाकला. टाळी वाजवणं बंद झालं, असं काकू म्हणाल्या. नवीन खोलीत शिरले की हात नुसते जवळ यायचे आणि तसेच राहायचे.

माझं बरं चाललं. मुंबईहून बंगलोर, मग थोडे दिवस परदेश, परत बंगलोर. आवाजातलं काय काय टाकून दिलं तरी ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही, हा माझा विषय झाला. त्यात माझं नाव आहे, असं लोक म्हणतात. सरांना मी पत्रं लिहायचो. कामाचीच. त्यांची उत्तरं यायची, त्यात शंका असायच्या आणि त्या नेमक्या असायच्या.

दशक संपता संपता सरांच्या घरी टेलिफोन बसला. नंबर मिळाल्यावर एका रविवारी सकाळी मी बंगलोरहून लावला. काकूंनी उचलला. "मोठ्याने बोल रे मेल्या, त्यांना हल्ली कमी येतं," म्हणाल्या. मी मोठ्याने बोलायला लागलो तर पलीकडून सरांचा आवाज आला, "ओरडू नकोस. फोनवर मला सगळं येतं."

आणि शिकवायलाच लागले. समोर चार माणसं एकदम बोलली की माझा गोंधळ होतो. इथे फक्त तू, अगदी कानाशी. शिवाय आवाजाचा वरचा भाग तारेतून जातच नाही, तो तुलाही मिळत नाही आणि मलाही नाही. "इथे आपण दोघं सारखे," म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. मग माझ्या कामाबद्दल विचारलं. मी सांगत गेलो, ते मध्ये अडवत गेले, एका ठिकाणी माझी चूकही काढली. कितीतरी दिवसांनी मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर झालो होतो. तो आमचा एकुलता एक फोन. त्या पावसाळ्यात ते गेले.

त्या रविवारी बोलून बोलून झालं. लाइन स्वच्छ होती. सर म्हणाले, "बोल. आणखी काय?"

वाक्य माझ्या तोंडाशी होतं. सर, बटण मी फिरवत होतो. एवढंच म्हणायचं होतं. ते पलीकडे थांबले होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

मी म्हणालो, "आंबा कसा आहे यंदा?"

मग त्यांनी आंब्याचं सांगायला सुरुवात केली. मोहोर चांगला आला होता, मध्येच आभाळ आलं, थोडा गळला. शेजाऱ्याने पेटी पाठवलीय, काकूंनी आढीत घातलेत. मी नुसता हुंकार देत होतो. मग माझा हुंकारही थांबला असावा, कारण ते थांबून म्हणाले, "अरे, ऐकू येतंय ना?"

"येतंय सर," मी म्हणालो.